जीपची आंघोळ

आमच्या घरात जीप आली ती दादा गेला म्हणून. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो जगला असता तर बाबांनी मरेपर्यंत होडीशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नसता. पण दादा काकाच्या होडीवर गेला, वाऱ्यात सापडला, बाकीचे आले आणि तो आला नाही. त्याचं काहीच किनाऱ्याला लागलं नाही, साधी टोपीसुद्धा नाही. आय कितीतरी दिवस शिरगावच्या किल्ल्याच्या बाजूला जाऊन बसायची आणि लाटेनं काही आणलं की उठून बघायची. लाकूड, चप्पल, मेलेलं कासव. एक दिवस ती उठली, घरी आली, आणि बाबांच्या समोर उभी राहून बोलली, "एक दिला. दुसरा देनार नाय."

दुसरा म्हणजे भाऊ, माझ्याहून मोठा आणि दादाहून धाकटा. त्याला आम्ही नुसतं भाऊच म्हणायचो. तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं आणि काका त्याला होडीवर घ्यायला टपलेलाच होता. आयनं जेवणखाण सोडलं नाही, रडारड केली नाही. तिचा स्वभावच तसला नव्हता. ती फक्त रोज संध्याकाळी बाबांना विचारायची, काय ठरवलं? शेवटी बाबांनी होडीतला आपला वाटा काकाला देऊन टाकला आणि म्हणाले, जमिनीवर चालणारं काहीतरी आणतो.

ते काहीतरी म्हणजे जीप. पालघरला बाबांच्या ओळखीचा एक रिटायर फौजी होता. त्याला खबर लागली की देवळालीला मिलिटरीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव आहे. आणीबाणी नुकतीच उठली होती, त्या सुमाराची गोष्ट. तेव्हा कोण कुठली कंपनी बघत नव्हतं, छप्पर कापडाचं आणि तोंड चपटं असलं की ती जीप. लढाईसाठी जन्माला आली आणि लढाया संपल्यावर डॉक्टर, फॉरेस्टवाले, पुढारी, ज्याला त्याला लागली. आमची मात्र खरीखुरी लष्करातली. अंगावर हिरवा रंग आणि मागच्या फळीला एक भोक. ते भोक एकाहत्तरच्या लढाईतल्या गोळीचं आहे असं बाबा सांगायचे. मला तर ते साधं बोल्टचं भोक वाटायचं, पण बोलायची सोय नव्हती. गावातली म्हातारी माणसं त्या भोकात बोट घालून बघायची आणि मान हलवायची.

बाबांनी पहिल्याच आठवड्यात हिरव्यावर निळा रंग दिला आणि मध्ये पांढरा पट्टा ओढला, आमच्या होडीला होता तसाच. होडीचा उरलेलाच रंग होता तो. आयनं बघितलं आणि तिचं तोंड आंबलं.

भाऊ फौजीकडून गाडी शिकला. त्या जीपचं स्टिअरिंग डावीकडे होतं, सगळ्या जुन्या जीपांचं असायचं. रस्ता उलटा, माणूस उलट्या बाजूला. पुढे बैलगाडी किंवा ट्रक आला की चालवणाऱ्याला समोरून काय येतंय ते दिसायचंच नाही. मग उजवीकडे बसलेल्यानं बाहेर डोकं काढून बघायचं आणि सांगायचं, ये किंवा थांब. ती जागा आम्ही बघ्याची जागा म्हणायचो. त्या जागेवर आय बसली ती बसलीच. सकाळी मासळीच्या पाट्या मागे, गावातल्या बायका मागे, आणि आय पुढे, पदर खोचून, अर्धी बाहेर. ती "ये" फार कमी वेळा बोलायची. "थांब" मात्र उठता बसता. एका बैलगाडीच्या मागे आम्ही पार पालघरच्या नाक्यापर्यंत सरपटत गेलोय. मागच्या बायका शिव्या घालायच्या, मासळी उन्हात मरते गो बाय, जाऊ दे त्याला. आय ढिम्म. भाऊ हसायचा आणि माझ्याकडे वळून म्हणायचा, दर्यावर गेलो असतो तर लवकर पोचलो असतो.

त्याला हसू यायचं. तिला नाही यायचं. ती पोराला दर्यापासून तोडून रस्त्यावर आणून बसली होती आणि आता रस्त्याकडे डोळे लावून होती.

आमचं बरं चाललं होतं, हे खोटं कशाला सांगू. सकाळी पालघरच्या बाजाराची फेरी, मग बोईसरच्या कारखान्यांची. कुंभवलीच्या पुढे तेव्हा दर महिन्याला नवीन धुराडं उभं राहत होतं आणि माणसांना पोचवायला एस.टी. पुरत नव्हती. मीही तिथेच एका औषधाच्या कारखान्यात गोळ्यांचं पॅकिंग करायला लागले होते. आमच्या जीपमध्ये बसून गेलेला माणूस वासावरून ओळखू यायचा. कारण बाबांनी होडीला लावतात तसं मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल जीपच्या पोटाला चोपडलं होतं. कारखान्यातल्या बिहारी पोरी माझ्याजवळ आल्या की नाकाला ओढणी लावायच्या. मी घरी येऊन बाबांवर डाफरायचे. ते म्हणायचे, वास गेला तर तेल गेलं, तेल गेलं तर गाडी गेली.

आता आंघोळीचं सांगते. तेच सांगायला बसले आहे.

आमच्या धंद्यातल्या माणसाला एक गोष्ट आईच्या दुधाबरोबर कळते. खारं पाणी लाकूड राखतं, गोडं पाणी लाकूड कुजवतं. दर्यात असलेल्या होडीला काही होत नाही. पावसाळ्यात वर ओढून ठेवलेल्या होडीत पावसाचं पाणी साठलं की मात्र ती आतून भुसभुशीत होते. म्हणून आमची माणसं होडीवर झावळ्या टाकतात, साठलेलं पाणी उपसतात, आणि वर खाऱ्या पाण्याच्या बादल्या मारून गोडं पाणी धुऊन काढतात. बाबांनी सगळा जन्म हेच केलं होतं. मग जीपचं ते दुसरं काय करणार?

रोज संध्याकाळी ओहोटीच्या वेळेला भाऊ जीप ओल्या वाळूवर न्यायचा आणि बाबा तिला आंघोळ घालायचे. समुद्राच्या पाण्याची बादली, हातात घासायला नारळाचं सोडण. बॉनेट, दारं, चाकं, आणि मग उताणं झोपून पोटाखालून. इतक्या मायेनं त्यांनी आम्हा पोरांनाही कधी न्हाऊ घातलं नसेल. नारळी पुनवेला तर जीप चाकं बुडेपर्यंत पाण्यात न्यायची, हार घालायचा, नारळ सोडायचा. काकाची होडी वर ओढायची असली तर दोर बांधून जीपच ओढायची. सगळा गाव बघायला जमायचा. बाबांची छाती फुगायची. लढाईतली गाडी हाय, पान्याला भ्यायची नाय, असं म्हणायचे. आणि पावसाळ्यात काय करायचे ते सांगितलं तर हसाल. पाऊस पडून गेला की जीपच्या अंगावर गोडं पाणी राहिलं म्हणून ते लगबगीनं समुद्राचं पाणी आणून तिच्यावर ओतायचे.

बोईसरला कारखान्यांच्या रस्त्याला एका उत्तरेकडच्या म्हाताऱ्या मेकॅनिकचं गॅरेज होतं. जीप त्याच्याकडेच जायची. त्यानं एकदा खालून बघितलं आणि बाबांना विचारलं, चाचा, ही गाडी तुम्ही समुद्रात बांधता काय? बाबांनी अभिमानानं सगळं सांगितलं. तो कपाळाला हात लावून हसला आणि म्हणाला की खाऱ्यानं लोखंड गंजतं, रोज गोड्या पाण्यानं धुवा, पोटाखालून धुवा. बाबा त्याच्याहून मोठ्यानं हसले. घरी येऊन त्यांनी सगळ्यांना हे सांगितलं, मिठाच्या पाण्यात केस पिकले आणि आता हा मला पाणी शिकवणार. पुढे तळाचा पत्रा गळला, तो बदलला. मडगार्ड गळलं, ते बदललं. बाबांचं म्हणणं, आजकालचा पत्राच भिकार. माणूस एकदा स्वतःच्या अकलेच्या प्रेमात पडला की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाही.

भाऊनं मात्र ऐकलं होतं. त्यानं एकदा आयकडे विषय काढला. आम्ही जेवत होतो. तो म्हणाला, मेकॅनिक बोलतो की खाऱ्यानं गाडी सडते, तर रोज दोन हंडे गोडं पाणी देशील का?

गोडं पाणी म्हणजे आमच्याकडे काय होतं हे ज्याला माहीत नाही त्याला आयचं उत्तर दुष्ट वाटेल. घराजवळच्या विहिरी मचूळ. पिण्याचं पाणी गावाच्या पार वरच्या टोकाला, एकाच विहिरीला. तिथे रांग, रांगेत भांडणं, उन्हाळ्यात तळाचा गाळ. आयच्या डोक्यावर हंडा ठेवून ठेवून मधले केस गेले होते. मासळी विकून आली की ती आणि मी पाण्याला जायचो. तिनं भाऊच्या ताटात कालवण वाढलं आणि म्हणाली, "मानसाला प्यायला नाय, आनि तुज्या लोखंडाला आंगोळ?"

सगळे हसले. बाबा तर ठसका लागेपर्यंत. भाऊही हसला. पाणी भरायला तिच्याबरोबर मीच असायचे, त्यामुळे मला बरंच वाटलं. विषय तिथेच संपला. जेवून उठलो आणि विसरलो.

आमच्याकडे डोंगरातली माणसं पावसाळ्यातली शेती आटपली की वीटभट्ट्यांवर यायची आणि पाऊस जवळ आला की परत जायची. आपापल्या तुकड्यात पेरायला. पोरंबाळं, भांडी, कोंबड्या, सगळा संसार पाठीवर. त्यांना परत पोचवायच्या दिवसांत जीपला दम खायला वेळ नसायचा. पालघरवरून वाघोबाची खिंड चढायची आणि पलीकडे मनोरच्या बाजूला उतरायचं. आय तेवढा वेळ बाजारात मासळी विकत बसायची. एवढी एकच फेरी तिच्याशिवाय व्हायची.

त्या दिवशी मी कारखान्यात होते. दुपारी सुपरवायझरनं मला बाहेर बोलावलं. गेटवर काका उभा होता. काका कधी बोईसरला यायचा नाही. मला वाटलं बाबांना काही झालं. त्यानं भाऊचं नाव घेतलं आणि मी त्याला म्हटलं, तुझं काहीतरी चुकतंय, भाऊ जमिनीवर असतो.

हे मी खरंच बोलले. अजून कानात आहे माझ्या. भाऊ जमिनीवर असतो.

काय झालं ते आम्हाला नंतर त्या डोंगरातल्या बाईकडून कळलं. ती बघ्याच्या जागेवर बसली होती, मांडीवर तान्हं पोर. दहाव्याच्या आधी ती आणि तिचा नवरा कुठून कुठून चालत, विचारत विचारत शिरगावला आले. नवऱ्याच्या हाताला झोळी होती, हात मोडला होता. ती अंगणात बसली, पाणी घेतलं नाही, आणि खाली मान घालून सांगायला लागली. खिंडीतल्या उतारावर भाऊनं पाय दाबला तो पार खाली गेला. परत दाबला, परत खाली. गाडी सुटली. उजवीकडे दरी आणि डावीकडे डोंगर. त्यानं मागे ओरडून सगळ्यांना खाली बसायला सांगितलं. मग तिला म्हणाला, "बाय, पोराला घट धर." आणि गाडी डोंगरावर घातली.

गाडी थांबली. मागच्यांना खरचटलं, कुणाचा हात, कुणाचं डोकं. पोराला तर ओरखडाही नाही. पण आमची जीप डाव्या हाताची. जी बाजू डोंगरावर गेली त्या बाजूला भाऊ होता.

कुणीतरी जमलेल्यांत म्हणालं, देव तारी त्याला कोण मारी. मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. आमच्या घरावर देवाचा असा काय डोळा होता? दर्यावर होतो तर दर्यावर नेलं, दर्या सोडला तर डोंगरावर नेलं.

आयनं सगळं ऐकलं. एवढंच विचारलं, माझ्या जागेवर कोण बसलं होतं? ती बाई म्हणाली, मीच. आय उठली, तिच्या मांडीवरच्या पोराच्या पायाला तिनं हात लावला आणि आत निघून गेली.

दिवस झाल्यावर बाबा आणि मी बोईसरला त्या गॅरेजात गेलो. जीप ओढून तिथे आणून टाकली होती. बाबांना हिंदी कळायचं, पण ते मला बरोबर घेऊन गेले. म्हाताऱ्या मेकॅनिकनं आम्हाला बसायला खोकं दिलं. मग तो खाली गेला आणि ब्रेकच्या नळीचा तुकडा घेऊन वर आला. बारीक नळी, करंगळीपेक्षा बारीक. त्यानं ती बोटांत धरली आणि दाबली. तिचा भुगा झाला. शिळी बुरशी लागलेली भाकरी चुरावी तसा. तो माणूस "मी सांगितलं होतं" असं बोलला नाही. त्यानं हात पुसले आणि आम्हाला चहा मागवला. बाबांनी मला विचारलं, काय म्हनतो तो? तो काहीच म्हणत नव्हता. मी म्हटलं, खारं पाणी.

बाबांनी तो भुगा बघितला. मग स्वतःचे हात बघितले. इतकी वर्षं त्याच हातांनी, उताणं झोपून, सोडणानं घासून घासून त्यांनी त्या नळीवर मीठ चोळलं होतं. मायेनं चोळलं होतं. मी त्या क्षणी त्यांच्याकडे बघू शकले नाही. आजही डोळ्यापुढे ते हात येतात आणि मी चूल विझवून बाहेर येऊन बसते.

परत येताना कुंभवलीच्या फाट्यावर आम्ही एस.टी.ची वाट बघत होतो. ट्रक जात होते, धूळ उडत होती. बाबा एकदम म्हणाले, "बाय, आयला यातलं सांगू नको. त्यानं तिच्याकडं पानी मागितलं व्हतं."

मी म्हटलं, मग काय सांगायचं? ते म्हणाले, ते मी बघतो.

घरी येऊन त्यांनी काकाच्या, काकीच्या, आयच्या, सगळ्यांच्या देखत सांगितलं की मेकॅनिकनं ब्रेक बदलायला सांगितले होते आणि मीच म्हटलं, हंगाम संपू दे, मग बदलू. भाऊला मी हे कळूच दिलं नाही. असं बोलून ते खाली मान घालून बसले, आता मारा म्हणून. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मला ओरडून सांगायचं होतं की थापा मारतो हा माणूस. पण मी चौकट सोडली नाही.

आय बाबांना जन्मभर तुमी म्हणत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा ती तू म्हणाली. "खाल्लास तू माज्या पोराला," असं म्हणाली. आणि मग ते सुरू झालं ते बाबा मरेपर्यंत संपलं नाही.

मी त्याचं वर्णन करत बसत नाही. एका घरात राहायचं, एका चुलीवरचं खायचं आणि एकमेकांकडे बघायचं नाही, हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. ती ताट वाढायची ते आपटून. मासळी ताजी आली तर म्हणायची, खा, पोराला खाऊन भूक भागली नसंल. बाबा जेवायचे. गावातही तेच. चार पैसे वाचवायला गेला आणि पोरगा घालवला, असं लोक तोंडावर बोलायचे. काकानं त्यांना होडीवर घेतलं नाही. ते किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांची जाळी शिवायचे. मोडकी जीप आयनंच हट्टानं घरी आणवली, बैलांना जुंपून, आणि अंगणात चिंचेखाली ठेवायला लावली. का, तर त्याला, म्हणजे बाबांना, रोज दिसली पाहिजे. ती निळी गाडी, डावी बाजू चेपलेली, पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध फाटलेली, तिथेच उभी राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. पाऊस तिच्यावर पडायचा आणि बाबा आता तिच्या अंगाला हातही लावत नव्हते.

माझं लग्न एडवणला झालं. तिथेही दर्याच. मी माहेरी आले की दोन दिवसांत माझं डोकं फिरायचं. एकदा आय त्यांना काहीतरी असं बोलली की मी लिहू शकत नाही. मी बाबांना जाळ्यांजवळ गाठलं आणि म्हटलं, आता बस झालं, आज सांगतेच मी तिला. खारं पाणी काय तुम्ही जीपवर मुद्दाम ओतलंत? चूक झाली ती दोघांची झाली. तुम्ही एकटेच का म्हणून भरताय?

बाबांनी सुई थांबवली नाही. म्हणाले, "मला शिव्या घालून ती जगते. तेवढं काडून घेतलंस तर काय उरंल तिला?"

मी तिथे वाळूत बसून रडले. ते जाळं शिवत राहिले. मी काही सांगितलं नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही.

बाबा गेले ते पावसात, तापानं. तोपर्यंत गावात नळ आला होता. घरोघरी नाही, पण आमच्या दारासमोरच्या कोपऱ्यावर एक, सकाळी थोडा वेळ यायचा. गोडं पाणी, कुठल्या तरी धरणाचं. विहिरीची वाट गवतानं भरून गेली होती. बाबा शेवटच्या दिवसांत आयला हाक मारायचे, ती पाणी पाजायची, तोंड फिरवून. मेले तेव्हा ती रडली नाही. बायका म्हणाल्या, रडव गो तिला, नाहीतर आत साठेल. मी म्हटलं, तिच्या आत काय साठायचं राहिलंय?

तेरावा झाला. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला भांड्याच्या आवाजानं जाग आली. आय नळावरून हंडा भरून आणत होती. तिच्या वयाला हंडा झेपत नव्हता, अर्धं पाणी अंगावर सांडत होतं. मला वाटलं घरात आणेल. ती चिंचेखाली गेली आणि तिनं तो हंडा जीपवर ओतला.

मी धावत गेले. ती वाकून, एका हातानं जीपला धरून, दुसऱ्या हातातल्या नारळाच्या सोडणानं चेपलेली बाजू घासत होती. गंजाचे पापुद्रे निघून तिच्या बोटांना चिकटत होते. लाल पाणी तिच्या पायांवरून वाहत होतं. पोटाखाली हात पोचत नव्हता म्हणून ती मातीत बसली आणि ओंजळीनं खालून पाणी मारायला लागली. मी म्हटलं, आय, हे काय करतेस?

ती म्हणाली, "दोन हंडे मागितलं व्हतं त्यानं."

तिला माहीत होतं. भाऊनं पाणी मागताना कशाला पाहिजे ते सांगितलं होतं, आणि आम्ही सगळे हसून विसरलो तरी ती विसरली नव्हती. डोंगरातली बाई अंगणात बसून "पाय पार खाली गेला" म्हणाली, त्याच वेळेला तिला कळलं होतं. बाबा सगळ्यांच्या देखत खोटं बोलले तेव्हा ते खोटं आहे हे त्या घरात तिघांना माहीत होतं, आणि तिघंही गप्प बसलो. ज्या गोष्टीपासून बाबा तिला आयुष्यभर जपत होते ती तिच्या उशाखालीच होती.

मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझा स्वभाव तसा. मी म्हटलं, मग बाबांना इतकी वर्षं तू का?

तिनं घासायचं थांबवलं नाही. मला वाटलं, ऐकलं नाही तिनं. मग म्हणाली, "तेनी आपनहून उचललं. मी उचलू दिलं."

"तू" म्हणत आलेल्या नवऱ्याला ती आता परत "तेनी" म्हणत होती. ऐकायला तो नव्हता. मला तिचा राग आला, असा राग की तिला त्या मातीतून ओढून उठवावं आणि विचारावं, एकदा तरी, एका जेवणाला तरी, त्यांच्या जवळ बसून सांगायचं होतंस की मलाही ठाऊक आहे. दोघं मिळून रडला असतात. मेलेला परत आला नसता, पण जिवंत होते ते तरी माणसासारखे जगले असते. हे सगळं माझ्या ओठावर आलं. आणि मग मी तिच्या डोक्याकडे बघितलं, मधले केस गेलेल्या जागेकडे.

तिनं हंडा उलटा करून झटकला. रिकामा होता.

"उभी काय ऱ्हायलीस," ती म्हणाली, "नळ जाईल. दुसरा आन."

मी हंडा उचलला आणि नळावर गेले.